जिम्नॅस्टिक्समुळे मुलांची उंची खरंच खुंटते का? वाढत्या वयातल्या जिम्नॅस्टच्या शरीरात काय घडतं?

इन्स्टाग्रामवर एखाद्या सात-आठ वर्षांच्या मुलीचा बॅकफ्लिप मारतानाचा रील आला की खाली दोन प्रकारच्या कमेंट हमखास दिसतात. पहिली, "हीच देशासाठी ऑलिम्पिक पदक आणणार." दुसरी, "एवढ्या लहान वयात हे करू नका, उंची वाढणार नाही."

पहिल्या कमेंटचं उत्तर काळच देईल. दुसरीवर मात्र गेली तीस-चाळीस वर्षं संशोधन सुरू आहे आणि त्यातून निघालेलं उत्तर बऱ्याच जणांना अनपेक्षित वाटेल. उंचीची भीती बरीचशी चुकीची आहे. पण ज्या गोष्टींची खरंच काळजी करायला हवी, त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मनगट, कंबर, जेवण, पाळी आणि मुलाचं गप्प बसणं, या त्या गोष्टी.

एवढ्या लहान वयात सुरुवात का होते?

जिम्नॅस्टिक्समध्ये ताकदीइतकाच लवचिकपणा आणि हवेत शरीरावर ताबा असावा लागतो. शरीर छोटं आणि हलकं असेल तर हवेत गिरकी घेणं सोपं जातं. शिवाय अवघड कौशल्यं पायरी-पायरीने शिकायला आठ-दहा वर्षं लागतात. त्यामुळे जगभरात पाच-सहा वर्षांची मुलं या खेळात येतात आणि वरच्या पातळीवर पोहोचेपर्यंत आठवड्याला २५ ते ३० तास सराव करतात.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये रोमानियाच्या नादिया कोमानेचीला पूर्ण १० गुण मिळाले, तेव्हा ती १४ वर्षांची होती. त्यानंतर या खेळात 'जितकी लहान तितकी चांगली' असं समीकरण रूढ होत गेलं.

आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने, म्हणजे एफआयजीने, पुढे महिलांची किमान वयोमर्यादा वाढवली. १९८१ मध्ये ती १४ वरून १५ झाली आणि १९९७ मध्ये १६. म्हणजे त्या कॅलेंडर वर्षात १६ पूर्ण होणारी मुलगीच आता ऑलिम्पिकमध्ये उतरू शकते. वाढत्या शरीराला थोडा वेळ मिळावा, हा त्यामागचा एक हेतू होता.

हा नियम मोडल्याचंही उदाहरण आहे. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये चीनच्या महिला संघाने कांस्य जिंकलं. त्या संघातली डोंग फांगशियाओ २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तांत्रिक अधिकारी म्हणून आली, तेव्हा तिच्या कागदपत्रांवर वेगळी जन्मतारीख होती. त्या तारखेनुसार सिडनीत ती फक्त १४ वर्षांची होती. २०१० मध्ये चीनचं ते पदक काढून घेतलं गेलं आणि अमेरिकेला देण्यात आलं.

मग उंची खुंटते का?

टीव्हीवर दिसणाऱ्या बहुतेक जिम्नॅस्ट बुटक्या असतात. त्यामुळे 'जिम्नॅस्टिक्स केलं म्हणून उंची कमी राहिली' असं वाटणं साहजिक आहे. पण इथे कारण आणि परिणाम उलटे धरले जातात.

बास्केटबॉल खेळल्याने माणूस साडेसहा फूट उंच होत नाही. उंच मुलं बास्केटबॉलमध्ये टिकतात. जिम्नॅस्टिक्समध्ये नेमकं उलटं घडतं. मुळात लहान चणीची मुलं या खेळात चमकतात, प्रशिक्षकही तशी मुलं निवडतात, आणि भराभर उंच होणारी मुलं हळूहळू खेळ सोडतात. जिम्नॅस्टच्या आईवडिलांची उंचीही सरासरीपेक्षा कमी असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये वाद होता. १९९३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात जिम्नॅस्ट मुलींची तुलना पोहणाऱ्या मुलींशी केली गेली आणि जिम्नॅस्टची वाढ मंदावल्याचं दिसलं. पुढे एफआयजीच्या पुढाकाराने तज्ज्ञांच्या गटाने तोवरचं सगळं संशोधन एकत्र तपासलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आढाव्याचा निष्कर्ष असा होता की, कठोर सरावामुळे मुलामुलींची प्रौढपणीची उंची कमी होते असं उपलब्ध पुराव्यांवरून दिसत नाही.

जिम्नॅस्ट मुलं वयात थोडी उशिरा येतात. मैत्रिणी बाराव्या वर्षी झपकन उंच होतात, तेव्हा ही मुलगी तिथेच असते. तिची वाढ नंतर होते. म्हणून मधल्या काळात ती 'खुंटलेली' वाटते.

पण या निष्कर्षात एक अट गृहीत आहे. मूल पोटभर जेवत असेल आणि दुखापतींवर वेळीच उपचार होत असतील, तरच हे दिलासादायक चित्र खरं ठरतं.

खरा नाजूक भाग: ग्रोथ प्लेट

मुलांच्या लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी इथूनच वाढते. मुलींमध्ये साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ वर्षांच्या आसपास बहुतेक ग्रोथ प्लेट हाडात रूपांतरित होऊन बंद होतात.

बंद होण्याआधी हा थर आजूबाजूच्या हाडापेक्षा आणि अस्थिबंधांपेक्षा कमकुवत असतो. ज्या झटक्यात मोठ्या माणसाचा घोटा मुरगळेल, त्याच झटक्यात मुलाच्या ग्रोथ प्लेटला इजा होऊ शकते. म्हणून 'मुरगळलंय, बाम चोळ, होईल बरं' हा घरगुती सल्ला मुलांच्या बाबतीत धोक्याचा आहे.

सगळ्यात जोखमीचा काळ म्हणजे उंची झपाट्याने वाढण्याचा. मुलींमध्ये तो सरासरी बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, जिम्नॅस्टमध्ये थोडा नंतर. या काळात हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. त्यामुळे स्नायू आखडतात. हातपाय अचानक लांब झाल्याने हवेतला अंदाजही चुकतो. काल सहज जमणारी गिरकी आज जमत नाही. अशा वेळी 'आळशी झालीस' म्हणून सराव वाढवला, तर दुखापतीला आमंत्रण मिळतं.

कुठे दुखतं आणि का?

*मनगट:* बहुतेक खेळांत शरीराचा भार पायांवर असतो. जिम्नॅस्टिक्समध्ये तो हातांवरही येतो. हँडस्प्रिंग, व्हॉल्ट, पॉमेल हॉर्स, प्रत्येक वेळी मनगटावर शरीराच्या वजनाहून जास्त भार आदळतो. त्याने अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची, म्हणजे रेडियसची, ग्रोथ प्लेट दुखावते. डॉक्टर याला 'जिम्नॅस्ट रिस्ट' म्हणतात. अनेक पाहण्यांमध्ये निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त तरुण जिम्नॅस्टनी मनगटदुखीची तक्रार केली आहे. दुर्लक्ष झालं तर रेडियसची वाढ लवकर थांबू शकते आणि शेजारचं अल्ना हाड तुलनेने लांब होऊन मनगट कायमचं दुखरं राहू शकतं. सगळ्या शरीराची उंची खुंटत नाही, पण एका हाडाची वाढ खुंटू शकते ती अशी.

*कंबर:* मागे कमान टाकण्याच्या क्रिया हजारो वेळा केल्याने मणक्याच्या मागच्या बारीक भागात भेग पडते. याला स्पाँडिलोलिसिस म्हणतात. मागे वाकल्यावर वाढणारी कंबरदुखी ही याची खूण. लहान मुलांची कंबर सहसा दुखत नाही. दुखत असेल तर ती तपासायलाच हवी.

*कोपर:* हातांवर वारंवार भार आल्याने सांध्यातल्या कूर्चेखालच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. कोपर अडकणं आणि हात पूर्ण सरळ न होणं ही त्याची लक्षणं आहेत.

*टाच आणि गुडघा:* टाचेच्या मागे दुखणं म्हणजे सिव्हर्स आणि गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखणं म्हणजे ऑसगुड-श्लॅटर. दोन्ही वाढीच्या वयातली दुखणी आहेत. उड्या कमी केल्या की बहुतेकदा बरी होतात.

*घोटा आणि गुडघ्याचा अस्थिबंध:* लँडिंगच्या वेळी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर पायांवर येतो. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टमध्ये तिचं कांस्य ०.१५ गुणांनी हुकलं. पुढच्याच वर्षी तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि मुंबईत शस्त्रक्रिया करावी लागली. २०१८ मध्ये तुर्कस्तानात मर्सिनच्या वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये तिने सुवर्ण जिंकून पुनरागमन केलं. पण गुडघ्याने नंतरही तिला त्रास दिला.

कमी खाणं: न दिसणारी दुखापत

शरीराला मिळणाऱ्या अन्नातून आधी व्यायामाची ऊर्जा खर्च होते. उरलेल्या ऊर्जेवर वाढ, पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, मेंदू हे सगळं चालतं. उरलेली ऊर्जा कमी पडली की शरीर काटकसर सुरू करतं आणि सगळ्यात आधी पाळी व वाढीचा खर्च कापतं.

१९९० च्या दशकात डॉक्टरांनी याला 'फीमेल अ‍ॅथलीट ट्रायड' असं नाव दिलं. यात तीन गोष्टी एकत्र येतात: अपुरं खाणं, पाळी बिघडणं आणि हाडं ठिसूळ होणं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 'रेड-एस' ही व्यापक संज्ञा मांडली, कारण हा त्रास मुलांनाही होतो आणि तो हाडांपुरता मर्यादित नसतो. हृदय, पचन, मूड, एकाग्रता, सगळ्यावर परिणाम होतो.

खेळाडू मुलीची पाळी लांबली की 'सराव जास्त आहे, चालायचंच' असं सहज म्हटलं जातं. पण पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आलीच नाही, किंवा आलेली पाळी तीन महिने थांबली, तर डॉक्टरांकडे जायला हवं. हाडांमध्ये साठणारा बहुतांश खनिज साठा विशीच्या आतच जमा होतो. त्या वयात गेलेली भर नंतर भरून काढणं अवघड असतं.

इथे जिम्नॅस्टिक्सची एक चांगली बाजूही आहे. उड्या आणि हातांवर भार यामुळे हाडं बळकट होतात. नीट जेवणाऱ्या जिम्नॅस्टची हाडांची घनता इतर मुलींपेक्षा जास्त असते. म्हणजे तोच खेळ जेवणाच्या जोडीने हाडं घडवतो आणि उपासमारीच्या जोडीने मोडतो.

अमेरिकेच्या क्रिस्टी हेनरिकची गोष्ट या खेळाने विसरू नये अशी आहे. १९८८ मध्ये एका परीक्षकाने तिला वजन कमी करायला हवं असं सुनावल्याचं सांगितलं जातं. तिला अ‍ॅनोरेक्सिया झाला. १९९४ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, शरीराचे अवयव निकामी होऊन तिचा मृत्यू झाला.

प्रत्येक नियमामागे एक अपघात

सोव्हिएत संघाची एलेना मुखिना १९७८ ची विश्वविजेती. १९७९ मध्ये तिचा पाय मोडला. तो पूर्ण बरा होण्याआधीच तिला सरावाला उभं केलं गेलं. जुलै १९८० मध्ये, मॉस्को ऑलिम्पिकला दोन-तीन आठवडे उरले असताना, 'थॉमस साल्टो' ही उडी करताना ती हनुवटीवर आदळली आणि तिची मान मोडली. वय होतं २० वर्षं. त्यानंतर ती आयुष्यभर अंथरुणाला खिळून राहिली आणि २००६ मध्ये गेली. ती उडी पुढे महिलांसाठी बंद करण्यात आली.

१९८८ मध्ये जपानमधल्या एका स्पर्धेत अमेरिकेची १५ वर्षांची जुलिसा गोमेझ 'युर्चेन्को' व्हॉल्टच्या वेळी स्प्रिंगबोर्डवरून पाय घसरून डोक्याने व्हॉल्टच्या हॉर्सवर आदळली. मानेखालचं शरीर लुळं पडलं आणि १९९१ मध्ये तिचा मृत्यू झाला. आज युर्चेन्को व्हॉल्टसाठी स्प्रिंगबोर्डभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची गादी सक्तीची आहे. २००१ मध्ये व्हॉल्टचं अरुंद 'हॉर्स' जाऊन हात टेकवायला रुंद जागा असलेलं 'टेबल' आलं, तेही सुरक्षिततेसाठीच.

डोकं 'नाही' म्हणत असेल तर?

टोकियो ऑलिम्पिकच्या सांघिक अंतिम फेरीत सिमोन बाइल्सला अडीच पिळांची उडी मारायची होती, पण दीडच पीळ झाले. हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळेना. जिम्नॅस्ट याला 'ट्विस्टीज' म्हणतात. तिने माघार घेतली. अनेकांनी तिला भित्री म्हटलं. पण दिशाभान हरवलेलं असताना उडी मारण्याचा शेवट काय होऊ शकतो, हे वरच्या दोन उदाहरणांवरून दिसतंच. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये, २७ व्या वर्षी, तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्य जिंकलं.

दुखणं लपवायला कोण शिकवतं?

ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टच्या तक्रारींनंतर २०२० मध्ये एक स्वतंत्र चौकशी सुरू झाली. २०२२ मध्ये आलेल्या 'व्हाइट रिव्ह्यू' या अहवालासाठी ४०० हून जास्त निवेदनं आली. दुखापतीत सराव करायला लावणं, जेवण-पाणी रोखणं, सगळ्यांसमोर वजन करून अपमान करणं, अशा तक्रारी त्यात होत्या. त्यानंतर तिथल्या महासंघाने प्रशिक्षकांना जिम्नॅस्टचं वजन करायला मनाई केली.

अमेरिकेत राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण करत राहिला. जानेवारी २०१८ मध्ये १५६ जणींची निवेदनं न्यायालयात ऐकली गेली आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली.

या घटनांचा दुखापतींशी थेट संबंध आहे. 'दुखतंय' म्हटल्यावर ओरडा खाणारं मूल गप्प राहायला शिकतं. मग ते मनगटाबद्दल बोलत नाही, जेवणाबद्दल बोलत नाही आणि कुणी चुकीचा स्पर्श केला तरी बोलत नाही. भारतात अशा वेळी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करता येतो आणि पोक्सो कायद्याखाली तक्रार करता येते.

दुखापत टाळण्यासाठी काय करावं?

महाराष्ट्रात ठाणे, पुणे, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत जिम्नॅस्टिक्सचे वर्ग भरतात. मल्लखांबाची परंपरा तर आपली स्वतःचीच आहे. खालच्या बऱ्याच गोष्टी दोन्हीकडे लागू पडतात.

१. दर तीन महिन्यांनी उंची मोजा. भिंतीवर पेन्सिलने खूण केली तरी चालेल. उंची अचानक झपाट्याने वाढू लागली की प्रशिक्षकांना सांगा. त्या काळात उड्या आणि लँडिंगची संख्या कमी ठेवून ताकद, तोल आणि मूलभूत गोष्टींवर भर द्यावा.

२. तासांकडे लक्ष ठेवा. मुलाच्या वयाइतक्या तासांपेक्षा जास्त वेळ आठवड्याला एकाच खेळाचा सराव केला तर अतिवापराच्या गंभीर दुखापती वाढतात, असं अमेरिकेतल्या संशोधनात दिसलं आहे. दहा वर्षांच्या मुलासाठी दहा तास, असा सोपा हिशोब. अव्वल पातळीवर ही मर्यादा ओलांडली जाते, म्हणूनच तिथे डॉक्टर आणि फिजिओची गरज जास्त असते. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी हवीच.

३. हात आणि पाय आलटून-पालटून. एका दिवशी सगळी हातांवरची कामं आणि दुसऱ्या दिवशीही तीच, असं नको. भार विभागला की मनगटाला सावरायला वेळ मिळतो.

४. पडायचं कसं हे आधी शिकवा. गुडघे वाकवून, गुडघे आत न वळवता लँडिंग करणं हे सरावानेच येतं. नवी उडी आधी फोमच्या खड्ड्यात, मग जाड गादीवर, मग प्रशिक्षकाच्या आधाराने आणि शेवटी एकट्याने.

५. घरात स्टंट नको. हॉलमधल्या फरशीवर किंवा पलंगावरून बॅकफ्लिप मारून रील काढणं हा सराव नव्हे. तिथे ना गादी असते ना आधार.

६. डबा भरलेला हवा. सरावाआधी केळं किंवा पोळीचा रोल आणि सरावानंतर तासाभरात दूध, अंडं, शेंगदाण्याचा लाडू किंवा वरण-भात. भात आणि पोळी बंद करणं हा वाढत्या खेळाडूसाठी 'डाएट' होऊ शकत नाही. हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी.

७. परत येण्याची घाई नको. मनगटाच्या ग्रोथ प्लेटला काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत विश्रांती लागू शकते. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊनही दुखणं खरं असू शकतं. अशा वेळी एमआरआय करायचा का, हे अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा. वेदनाशामक गोळी देऊन स्पर्धेत उतरवू नका.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावं?

- दुखणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा रात्री झोपेत दुखू लागलं
- सांध्याला सूज आली, सांधा अडकू लागला किंवा हात-पाय पूर्ण सरळ होईना
- मागे वाकताना कंबर दुखते
- पडल्यावर मान दुखते, मुंग्या येतात, चक्कर किंवा उलटी होते (अशा वेळी मुलाला हलवू नका, तातडीची मदत बोलवा)
- वजन घटतंय, मूल जेवण टाळतंय किंवा पाळी थांबली आहे

क्लास निवडताना काय विचारावं?

फी आणि अंतर विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. पालकांना सराव बघायला बसू देतात का? मूल 'दुखतंय' म्हणालं तर प्रशिक्षक काय करतात? मुलांचं वजन कोण करतं आणि कशासाठी? 'पालकांना आत प्रवेश नाही' आणि 'दुखल्याशिवाय काही मिळत नाही' ही उत्तरं आली तर दुसरा क्लास शोधा.

या खेळात लहानपणीच सगळं मिळवलं पाहिजे, हा समजही आता मागे पडतोय. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना १९९२ पासून सलग आठ ऑलिम्पिक खेळली आणि टोकियोत उतरली तेव्हा ती ४६ वर्षांची होती. दीपा कर्माकरने २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा तिने तिशी ओलांडली होती. दहाव्या वर्षी मनगट दुखतंय म्हणून दोन महिने विश्रांती घेतली, तर त्याने करिअर संपत नाही. विश्रांती न घेतल्याने मात्र ते संपू शकतं.